उतरताना घ्या

पंचवीस वर्षं बॅग माझ्या काखेत होती.
सातारा–वाई, सातारा–मेढा, मुक्कामी बामणोली.
जत्रेच्या दिवसांत एका पायावर उभी राहून
बोटांच्या बेचक्यात नोटांच्या घड्या धरायचे
आणि रात्री डेपोच्या टेबलावर ओतायचे
दिवसभराचा घाम लागलेली चिल्लर.
रुपया कमी भरला तर माझ्या पगारातून.
कधी भरला नाही, असं झालं नाही.

आणि रोममध्ये, ट्रामच्या थांब्यावर,
सकाळी अकराच्या लख्ख उन्हात
एका पोरानं मागून ढकललं, दुसऱ्यानं पट्टा कापला.
गुडघा फुटला.
"धर रे त्याला, धर!" मी ओरडले
मेढ्याच्या स्टँडवर ओरडावं तशी.
टूरमधल्या बाया पलीकडं आइस्क्रीम खात होत्या.

तीनशे ऐंशी युरो. ग्रॅच्युइटीतले.
पोलिसानं गाइडकरवी विचारलं, अंदाजे किती?
अंदाजे कसं?
पन्नासाच्या पाच, विसाच्या सहा, दहाची एक.
तो टाइप करायचा थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला.

पोवई नाक्यावरच्या विमा कचेरीत
एका पोरानं तो कागद उलटा धरला, मग सुलटा.
"हे कुठल्या भाषेत आहे?"
जसं काही मीच लिहून आणलंय.
भाषांतर लागेल. सहीशिक्क्याचं. मूळ पासपोर्ट. डॉक्टरचा दाखला.
साहेब रजेवर. साहेब कोल्हापूरला.
साहेब आले, तर लिंक नाही.
पाच महिने.

पाचगणीत सिस्टर ल्युक्रेशिया भेटल्या,
मूळच्या वसईच्या, चार वर्षं रोमला शिकलेल्या.
चष्मा पुसून वाचू लागल्या:
"फिर्यादी स्त्री, वय एकोणसाठ, काम तिकिटं देण्याचे.
खुर्ची दिली, बसली नाही.
रडत नाही.
म्हणते, माझी बॅग याआधी कधी गेली नाही.
हे तिने चार वेळा सांगितले."

मी म्हणाले, सिस्टर, ते शेवटचं गाळा,
विम्याला कशाला हवंय ते?
त्या म्हणाल्या, शिक्का मारायचा
तर सगळ्याच कागदावर मारीन.

वाघ्या घेवडा निवडत होते तेव्हा मोबाइल वाजला.
जमा: एकवीस हजार तीनशे साठ.
सवयीनं कॅलेंडरच्या मागं मांडलं,
तूट बारा हजार आठशे चाळीस,
आणि खाली 'वाहक' लिहून सही केली.
मग हसू आलं. मग आलं नाही.

किलोभर घेवडा घेऊन सिस्टरांकडं निघाले.
गाडीत नवी पोरगी, बिल्ला अजून चकचकीत.
मशीननं तिकीट काढलं,
पण मागं पेननंच लिहिलं, तीन,
आणि त्याभोवती गोल.
"सुट्टे नाहीत मावशी, उतरताना घ्या."

उडतारेच्या थांब्यावर उतरलेली एक शाळकरी मुलगी आठवली.
पन्नासाची नोट, आठाचं तिकीट,
मागं मी लिहिलेलं: बेचाळीस.
मैत्रिणीनं हाक मारली, ती उतरली, मी घंटी दिली.
हाक मारली होती का मी? मारली असेल.
दोन दिवस ते बेचाळीस आतल्या कप्प्यात वेगळे ठेवले.
तिसऱ्या दिवशी माझी ड्यूटी बदलली.
चौथ्या दिवशी त्यांचा चहा झाला,
ड्रायव्हरचा, माझा आणि कंट्रोलरचा, भज्यांसकट.
विम्याच्या फॉर्मात याला रकाना नव्हता.

पाचगणी आली.
पोरगी गर्दीत अडकलेली,
एक हात बॅगेवर घट्ट.
मी पायरीवर थांबले, तिकीट उंच धरलं
आणि म्हणाले, "बाकी!"
केवढ्यानं म्हणाले, सगळी गाडी वळली.

तिनं माणसांच्या डोक्यांवरून हात लांबवून
पाचाचं नाणं दिलं.
पर्स उघडून दोन रुपये शोधेस्तोवर
डबल घंटी झाली होती.